कालव्यापलीकडची खोली

१९७१च्या नोव्हेंबरमध्ये, एका शुक्रवारी दुपारी, व्हेनिसमधले आगाऊ भाडे भरलेले हॉटेल आम्ही सोडले आणि सूर्यास्तापूर्वी एका वृद्धाश्रमात राहायला गेलो. आम्ही तिघे होतो: वडील, पत्नी आणि मी. हॉटेलविषयी कसलीही तक्रार नव्हती. ते चुकीच्या काठावर होते.

त्या वेळी आम्ही क्रॉयडनला राहत होतो. मुंबईत मी एका दैनिकात उपसंपादक होतो. लंडनमध्ये एका व्यापारविषयक साप्ताहिकात तेच काम करत होतो. पत्नी एका शाळेच्या ऑफिसात होती. आई गेल्यानंतर वडील आमच्याकडे आले. ते मुंबईच्या गोदीतून फोरमन म्हणून निवृत्त झाले होते.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. अलिबागकडच्या गावांत आमच्या लोकांना शनिवार तेली म्हणत, कारण त्यांचा तेलाचा घाणा शनिवारी बंद असे. माझ्या पिढीने शनिवार बराच सैल केला. वडिलांनी केला नाही. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत ते वाहनात बसत नसत, पैशाला हात लावत नसत आणि खिशात काही ठेवत नसत.

क्रॉयडनला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात ते एका शनिवारी दक्षिण लंडनमधल्या एका सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिरात, चालत गेले. मी कामावर होतो. सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. दहा भरले नाहीत तर धर्मग्रंथाची गुंडाळी उघडत नाहीत. माणसे आकड्यांनी मोजायची नाहीत अशी रीत आहे, म्हणून दहा शब्दांचे एक वचन म्हणतात, प्रत्येक माणसावर एक शब्द. त्या दिवशी मोजणारा नवव्या शब्दाला थांबला. वडील शेवटच्या बाकावर बसले होते. दहावे तेच होते. थोड्या वेळाने रस्त्यावरून कोणीतरी आत आला, त्याच्यावर दहावा शब्द म्हटला गेला आणि प्रार्थना सुरू झाली.

मोजणाऱ्याला ते दिसले नाहीत, पाहुणे वाटले, की आणखी काही, हे कळले नाही. वडिलांनी विचारले नाही. घरी येऊन त्यांनी पत्नीला एवढेच सांगितले, "सूनबाई, माझ्यावर शब्द आला नाही." त्यानंतर ते घरीच प्रार्थना करू लागले. त्याच हिवाळ्यात बर्फावरून घसरून त्यांचा गुडघा दुखावला. हातात काठी आली. डॉक्टरांनी पायऱ्या टाळायला सांगितल्या.

व्हेनिसची कल्पना त्यांचीच. त्यांच्या गावच्या सिनेगॉगमध्ये एक जुने प्रार्थनेचे पुस्तक होते. त्याच्या पहिल्या पानावर त्या शहराचे नाव छापलेले होते. वाचायला शिकल्यापासून त्यांनी ते नाव पाहिले होते. व्हेनिसमधल्या यहुदी वस्तीच्या चौकात काही शतके जुनी सिनेगॉग आहेत आणि तिथे अजून प्रार्थना चालते, असे त्यांना कोणाकडून तरी कळले. एका रविवारी जेवताना ते म्हणाले, "तिथे एक शनिवार काढायचा. तिथे मोजतात की नाही ते बघू."

"आणि मोजलं तर?" पत्नीने विचारले.

"मोजलं तर मलिदा घालीन."

मलिदा म्हणजे आमच्याकडचे नवस फेडणे. गोड पोहे, खोबरे, सुका मेवा, वर पाच फळे, अशी थाळी संदेष्ट्याच्या नावाने करून सगळ्यांना वाटतात.

मुक्कामाची जागा ठरवायला काही आठवडे गेले. क्रॉयडनच्या हाय स्ट्रीटवरच्या ट्रॅव्हल एजंटने आधी शहराबाहेरचे, मुख्य भूमीवरचे हॉटेल सुचवले. स्वस्त होते, आणि ट्रेनने शहर अगदी जवळ.

"शनिवारी ट्रेन?" वडील म्हणाले. ते हॉटेल गेले.

मग त्याने समुद्रकिनाऱ्याच्या बेटावरचे हॉटेल दाखवले. तिथून बोटीची बस होती. तेही गेले. मोठ्या चौकाजवळचे, जिथे सगळे पर्यटक उतरतात, ते पत्नीने नाकारले. "तिथून यांना किती पूल चढायला लागतील ते मोजा," ती म्हणाली. एजंटने मोजले नाहीत. असे गिऱ्हाईक आपल्याला प्रथमच मिळाले, असे तो म्हणाला. लोक खिडकीतून काय दिसते ते विचारतात. आम्ही दारातून कुठे चालत जाता येते ते विचारत होतो.

शेवटी जागा मी निवडली. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला, यहुदी वस्तीच्या चौकावर पट्टीचे टोक ठेवले आणि एजंटच्या यादीतले प्रत्येक हॉटेल मोजले. एक हॉटेल सर्वांत जवळ निघाले. अंगठ्याच्या नखाएवढे अंतर.

"मध्ये हे निळं काय?" पत्नीने विचारले.

"मोठा कालवा. पण ही तुटक रेघ बघ. होडी आहे. या काठावरून त्या काठावर."

वडिलांनी चष्मा लावून रेघ पाहिली. "रेवदंड्याला होती तशी," ते म्हणाले. "बस्स झालं. घे हे."

निघण्याच्या आदल्या दिवशी पत्नीने साउथॉलहून आणलेले पोहे, गूळ, सुके खोबरे, बेदाणे, खजूर आणि वेलची सुटकेसमध्ये भरली. वडील दारात उभे होते.

"आधीच सामान? अगं, नवस आधी पूर्ण व्हावा लागतो."

"नाही झाला तर कांदेपोहे करीन, बाबा."

गुरुवारी रात्री आम्ही पोहोचलो. शुक्रवारी दुपारी उद्याचा रस्ता पाहून ठेवू म्हणून बाहेर पडलो. हॉटेलच्या गल्लीच्या टोकाला धक्का होता. लांब, काळी, सपाट बुडाची होडी, दोन नावाडी, उतारू उभेच. वडील काठी टेकून उभे राहिले आणि गोदीतल्या माणसाच्या नजरेने वल्ह्यांकडे पाहत राहिले. कालवा पार व्हायला फार वेळ लागला नाही. पलीकडे उतरताना नावाड्याने हात पुढे केला. वडिलांनी खिशातून नाणे काढून त्याच्या हातावर ठेवले आणि तिथेच थांबले.

"आणि उद्या?" ते म्हणाले.

उद्या पैशाला हात लागणार नव्हता. पैसे आगाऊ देऊनही उपयोग नव्हता. होडी हेही वाहनच होते. तिघांनीही नकाशा पाहिला होता. ट्रेन नाकारली होती, बोटीची बस नाकारली होती. पण कोकणात वाढलेल्या माणसाला खाडीवरची होडी वाहन वाटत नाही. ती रस्त्याचाच भाग असते. वडील तिथे वाढले होते. मी सुट्टीत तिथे जात असे. पत्नीचे आजोळ खाडीपलीकडचे होते.

"शनिवार तेल्यांनो," वडील म्हणाले, "बैल सोडला आणि घाण्यावर स्वतः बसलात!"

चालत यायचे तर स्टेशनजवळच्या पुलावरून वळसा होता. पूल उंच, दोन्हीकडे पायऱ्या, आणि वाटेत आणखी लहान पूल. त्यातच सकाळी हॉटेलमालकाने सांगितले होते की वारा दक्षिणेचा आहे, उद्या पाणी चढेल.

"हळूहळू येऊ," मी म्हणालो.

"तुम्ही याल हो," पत्नी म्हणाली. "यांचा गुडघा येईल का?" मग ती वडिलांकडे वळली. "बाबा, तुम्ही चौकात बसा. मी या बाजूला खोली बघते."

आम्ही चौकात पोहोचलो तेव्हा सूर्य कलायला लागला होता. चौक मोठा होता. भोवती उंच, अरुंद खिडक्यांची घरे. स्टेशनाकडच्या रस्त्यावरच्या पहिल्या दोन लॉजमध्ये तळमजल्यावर खोली नव्हती. तिसऱ्याने हिवाळ्यासाठी दार लावून घेतले होते. पत्नी परत आली तेव्हा तिच्याबरोबर पांढऱ्या एप्रनमधली एक बाई होती. चौकातच यहुदी समाजाचा वृद्धाश्रम होता आणि ती तिथली व्यवस्थापिका होती. तिला कामापुरते इंग्रजी येत होते. आश्रमात तळमजल्यावर पाहुण्यांच्या दोन खोल्या होत्या, स्वयंपाकघर कोशर, म्हणजे यहुदी आहारनियम पाळणारे, होते. पण त्या खोल्या वृद्ध प्रवाशांसाठी आणि त्यांच्या सोबतीच्या माणसांसाठीच होत्या.

"वृद्ध कोण?" तिने विचारले.

पत्नीने वडिलांकडे हात केला आणि मराठीत म्हणाली, "बाबा, जरा म्हातारे दिसा."

"का? एरवी दिसत नाही?"

व्यवस्थापिकेने काठीकडे पाहिले, मान हलवली आणि किल्ल्या काढल्या. वडील मात्र बाकावरून उठेनात.

"मुलं बापाला वृद्धाश्रमात टाकतात हे ऐकलं होतं," ते म्हणाले. "आमच्या चिरंजीवांनी त्यासाठी विमानाचं तिकीट काढलं. क्रॉयडनला काय वृद्धाश्रम नव्हते?"

"तिथे चौकात सिनेगॉग नाही," पत्नी म्हणाली. "उठा बाबा, ऊन उतरलं."

मी होडीने परत जाऊन लागेल तेवढे सामान आणले. पोह्यांची पिशवी त्यात होती. सुटकेस हॉटेलातच ठेवली. भाडे परत मिळणार नाही, हे हॉटेलमालकाने नम्रपणे सांगितले. अंधार पडण्यापूर्वी पत्नीने खोलीत शनिवारच्या स्वागताचे दोन दिवे लावले.

शनिवारी सकाळी शहरात पाणी चढले. चौक उंचावर असल्याने कोरडा होता. चौकाबाहेरच्या गल्ल्यांतून माणसे फळ्यांवरून चालत होती. हॉटेलच्या जेवणघरात पाणी शिरले आणि होडी दिवसभर बंद राहिली, असे मालकाने रविवारी सांगितले.

प्रार्थना चालू असलेले सिनेगॉग चौकालगतच्या लहानशा पुलापलीकडे होते. वडिलांनी पुलाच्या पायऱ्या एकेक करून पार केल्या. आत लाकडी कोरीव काम, पितळी झुंबरे, थंडी. पत्नी वर बायकांच्या सज्जात गेली. खाली आठ पुरुष होते, त्यांतले बरेच वृद्धाश्रमातले. पाण्यामुळे लांबचे कोणी आले नव्हते. वडील सवयीने शेवटच्या बाकावर बसले. मी त्यांच्या शेजारी बसलो.

आमच्याकडे ज्याला मुकादम म्हणतात, तसा इथला कारभारी एक उंच, पांढऱ्या मिशांचा गृहस्थ होता. तो दाराकडे पाहत थोडा वेळ थांबला. दार उघडले नाही. मग त्याने वचन म्हणायला सुरुवात केली. प्रत्येक शब्दाला तो एकेका माणसाकडे पाहत होता. उच्चार आमच्या गावच्यासारखेच होते. नववा शब्द माझ्यावर आला. मग तो थांबला.

वडिलांच्या हातातली काठी हलली नाही. मुकादम बाकांमधून चालत मागे आला आणि इटालियनमध्ये काही विचारले. वडिलांना फक्त प्रश्न आहे एवढे कळले.

"बॉम्बे," ते म्हणाले.

ज्याच्यावर दहा भरणार होते त्याची खात्री करून घ्यावी तसे मुकादमाने हिब्रूत विचारले, आज वाचायचा भाग माहीत आहे का. त्या आठवड्याच्या भागाच्या पहिल्या ओळी वडिलांनी म्हणायला सुरुवात केली, ज्या सुरात त्यांच्या वडिलांनी गावात म्हटल्या होत्या त्याच सुरात. पुढच्या बाकावरचा एक म्हातारा वळला. दुसऱ्या ओळीला तो बरोबर म्हणू लागला. सूर थोडा वेगळा होता, वळणे तीच होती. मुकादमाने हात वर करून दोघांना थांबवले. तो हसत होता. त्याने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला आणि वचनाचा दहावा शब्द मोठ्याने म्हटला.

सज्जातून पत्नीने हे पाहिले. "पुढचं सगळं मला धूसर दिसलं," असे ती नंतर म्हणाली.

गुंडाळी उघडली तेव्हा वडिलांना वाचनासाठी बोलावण्यात आले. रिवाजाप्रमाणे त्यांना नाव विचारले गेले. त्यांनी स्वतःचे नाव आणि आपल्या वडिलांचे नाव सांगितले. मुकादमाने ती दोन्ही नावे सिनेगॉगभर ऐकू जातील अशी उच्चारली. वडील काठी बाकाला टेकवून, बिनकाठीचे, व्यासपीठापर्यंत गेले.

सूर्यास्तानंतर पत्नी वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात गेली. व्यवस्थापिकेने पोहे हातात घेतले, हुंगले, दाण्याला दात लावून पाहिला आणि आपल्याकडची मोठी थाळी काढून दिली. पोहे भिजवले, गूळ आणि खोबरे घातले. फळे आश्रमातली होती: सफरचंद, नासपती, द्राक्षे, संत्री. पाचवे हवे म्हणून आम्ही नेलेला खजूर ठेवला.

वडिलांनी प्रार्थना म्हटली. जेवणघरात आश्रमातली म्हातारी माणसे बसली होती, मुकादमही आला होता. पोहे म्हणजे काय हे सांगायला आमच्याजवळ इटालियन नव्हते.

"बाबा, यांना आवडेल का?" पत्नीने हळूच विचारले.

"वाढ तू," वडील म्हणाले. "आज यजमान मी आहे."

तिने पहिली मूठ मुकादमाच्या बशीत वाढली. थाळी रिकामी परत आली.