पावण्यांच्या कॉलरवरचा गोचीड

आमच्या घरात शिरायचं तर आधी म्हशींना ओलांडावं लागे. कोल्हापुरातल्या पेठेतलं घर. दारातच गोठा, त्यात चार म्हशी, आणि त्यांच्या शेपट्या चुकवत पुढं गेलं की सोपा, म्हणजे आमची बसायउठायची जागा. सगळ्या गल्लीला दूध आमचं, त्यामुळं वासाबद्दल कुणी बोलत नसे. मलाही लहानपणी त्याचं काही वाटलं नाही. वाटायला लागलं ते कॉलेजात गेल्यावर. मैत्रिणी घरी येतो म्हणाल्या की माझ्या आईला हटकून ताप यायचा.

आबांना म्हशींचं वेड आणि गोचिडांशी वैर. दुसरे बाप पोरांना राजाराणीच्या गोष्टी सांगतात, आमचे आबा गोचिडाची सांगत. मादी रक्त पिऊन एरंडाच्या बीएवढी टच्च फुगते, आपणहून गळून पडते, भिंतीच्या भेगेत शिरून हजारांनी अंडी घालते आणि मरते. "म्हशीच्या अंगावरचं नुसतं येचून काय हुतंय? भिताडाकडं बघा की!" असं ते दिसेल त्या गोठेवाल्याला ऐकवत. स्वतः भेगांवरून जळता पलिता फिरवत, मग त्या शेणामातीनं लिंपत, आणि वेचलेले गोचीड रॉकेलच्या डब्यात टाकत. कुणीही भेटो, बोलणं थोड्या वेळात गोचिडावर आलंच म्हणून समजायचं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा मला शाहूपुरीतलं स्थळ सांगून आलं. मुलगा ऑफिसात, वडीलही ऑफिसातूनच निवृत्त झालेले, घर कसं इस्त्री केल्यासारखं. मला ते स्थळ हवं होतं, खोटं कशाला बोलू? एक दिवस म्हशी काकांकडं नेऊन बांधा म्हणून मी आबांच्या हातापाया पडले. "म्हसरं काय चोरून आणल्यात व्हय?" एवढंच ते म्हणाले. शेवटी आईनं गोठ्यात कडुनिंबाच्या पाल्याचा धूर केला आणि रॉकेलचा डबा माळ्यावर लपवला.

पावणे आले. पोहे झाले, चहा झाला. स्वयंपाकाचं विचारून झालं आणि मी मान खाली घालून बसले असताना आबा एकदम उठले.

"पावणं, जरा हलू नगासा."

मुलाचे वडील कपबशी हातात धरून जागच्या जागी थिजले. आबांनी त्यांच्या पांढऱ्या कॉलरवरून दोन बोटांत अलगद गोचीड उचलला, तळहातावर घेतला आणि त्यांच्या नाकासमोर धरला. "उपाशी हाय बघा. चपटा दिसतोय न्हवं? प्यालेला आसता तर..." झालं, गाडी सुटली. एरंडाचं बी, भेगा, अंडी, सगळं आलं. मुलाची आई तोंडाला पदर लावून बसली. मुलाचे मामा मान खाजवायला लागले, मग मुलगा, मग सगळी बैठकच. हे सांगून झाल्यावर आबांनी डबा शोधला. तो जागेवर नाही म्हटल्यावर त्यांनी तो गोचीड सरळ पावण्यांच्या उरलेल्या चहात सोडला.

"बास की आबा आता! लाज न्हाय व्हय तुमास्नी?"

मी ओरडले होते. दाखवायला बसवलेल्या मुलीनं विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही असा तो काळ. आबा माझ्याकडं बघत खाली बसले.

तरीही होकार आला. कसा आला देव जाणे. सासूबाई मनानं चांगल्या, पण भारी थट्टेखोर. आल्यागेल्याला सांगत, "आमच्या व्याह्यांनी आम्हाला पहिला आहेर केला तो गोचिडाचा!" सगळे हसत. मीही हसायचे. आधी वरवर, मग खरंच. पुढं पुढं तर चहाचा भाग मीच रंगवून सांगायला लागले. आपल्याच बापाची नक्कल करून टाळ्या घेणारी मी आठवली की आजही तोंड लपवावंसं वाटतं.

लग्नानंतरच्या दिवाळीत आबा खरवसासाठी चीक घेऊन आले. मी वरच्या खिडकीत होते. दारात किटली ठेवून त्यांनी भर रस्त्यात सदरा काढला, उलटा केला, झटकला, शिवणी बोटांनी चाचपल्या. समोरचा दुकानदार बघत राहिला होता. मग सदरा घालून, बटणं लावून त्यांनी कडी वाजवली.

आत ते खुर्चीच्या कडेवर बसले, पाठ टेकली नाही. आमचा कुत्रा त्यांच्या पायाशी येऊन कान खाजवायला लागला. सासूबाई या वेळी थट्टा करत नव्हत्या. म्हणाल्या, "बरं झालं आलात. याला गोचीड झालेत. कितीही काढले तरी परत येतात. तुमच्याइतकं यातलं कुणाला कळतं? काय करावं सांगा."

आबांनी कुत्र्याकडं पाहिलं. तो ज्या भिंतीशी झोपायचा तिच्याकडं पाहिलं. आता सुरू होणार, असं मला वाटलं. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"मला काय कळतंय त्यातलं, विहीणबाई," ते म्हणाले. "डाक्टरला दावा."

'सांगा की आबा', एवढंच मला म्हणायचं होतं. मी चिकाची किटली उचलली आणि आत गेले.