डॉक्टरभाऊंची केस

डॉक्टरभाऊंना खोटं बोलता येत नसे. मूल गावातल्या त्यांच्या दवाखान्यात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा वर्दीतल्या मला खालपासून वरपर्यंत पाहून ते म्हणाले, "ठाणेदार, तुमचं पोट तुमच्या आधी आत येऊन राह्यलं. चोराच्या मागं धावता तरी का?" बाकावरचे रोगी खो खो हसले. धावत नव्हतोच, म्हणून मीही हसलो.

वाईट आजारही ते तोंडावर सांगत. मग मात्र खुर्ची ओढून रोग्याचं रडून होईपर्यंत शेजारी बसत. "खबर मी देल्ली, तं आता पळू कुठी?" म्हणत.

जवळच्या गावात एक निवृत्त शिक्षिका होत्या. घशाच्या कर्करोगानं त्यांना पाण्याचा घोटही उतरेना. नागपूरच्या इस्पितळानं परत पाठवलेल्या त्या बाई डॉक्टरभाऊंकडे मरण मागत राहिल्या आणि भाऊ कित्येक आठवडे नाही म्हणत राहिले. शेवटी त्यांनी औषध दिलं. बाईंनी ते पोटातल्या नळीतून स्वतःच्या हातानं घेतलं. बाई गेल्या आणि त्यांच्या पुतण्यानं तक्रार केली.

अटकेला मीच गेलो. आरशासमोर करारी चेहऱ्याचा सराव केला होता, तो त्यांच्या दारातच गळाला. "भाऊ, दुखणं कमी करायले देल्लं, एवढंच म्हणा. बाकी मी पाहतो."

"काऊन? बाईनं मरण मागितलं, मले पटलं, मी देल्लं. कायद्याले पटत नाई म्हणून तुम्ही आले. करा तुमचं काम."

पोलिसासमोरची कबुली कोर्टात चालत नाही, या विचारानं मी निर्धास्त झालो. साक्षीदार कच्चे होते आणि तपास माझा, म्हणजे आणखीच कच्चा. स्वतःच्या ढिसाळपणावर मी एवढा भरवसा कधीच टाकला नव्हता.

चंद्रपूरच्या कोर्टात न्यायाधीशांनी विचारताच भाऊ उठले. वकिलाचा ओढणारा हात सोडवून त्यांनी सगळं सांगितलं. "बाई शुद्धीवर होती, साहेब. मी पण होतो." शिक्षा झाली.

तुरुंगात भेटायला गेलो तेव्हा मी चिडून विचारलं, "भाऊ, काऊन बोलले?"

"लपवलं असतं तं बाईचं मागणंच पाप ठरलं असतं," ते म्हणाले. शिक्षा संपण्याआधी ते तिथंच गेले. मला फार मोठं माणूस गमावल्यासारखं झालं, अजूनही होतं.

माझ्या निरोपसमारंभात वरच्या साहेबांना माझं कौतुक करायचं होतं आणि माझ्या नोकरीत तसं फारसं काही नव्हतं. त्यांनी डॉक्टरभाऊंचीच केस सांगितली. शिक्षेपर्यंत नेलेला अवघड गुन्हा, म्हणाले. टाळ्या वाजल्या. मला रडू आवरेना, तेव्हा शेजारचा हवालदार हळूच म्हणाला, "रडू नका साहेब, पेन्शन तं मिळणारच हाय."