देवघरात गेलेला नमदा

डोंबिवलीच्या नमद्याच्या प्रकरणाचा निकाल आमच्या बाजूने लागला, आणि तरीही ते आठवले की मला आजही वाईट वाटते. पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा कल्याणला फौजदार होतो. डोंबिवलीतून आमच्याकडे येत त्या तक्रारी विहिरीवरच्या भांडणाच्या, नाहीतर वाळत घातलेले धोतर चोरीला गेल्याच्या.

एके दिवशी सकाळची हजेरी चालू असताना ठाकुर्लीचा एक गाडीवान ठाण्यात आला. खबर देणारा सहसा न्यायासाठी येत नाही, तो कुठेतरी दुखावलेला असतो. याच्या बैलाला एका व्यापाऱ्याने छडी मारली होती.

"सायेब, त्याचा बॉयलर ठान्याला, न बॉयलरचा माल मी नेतंय डोंबिवलीला," तो म्हणाला. "तिकरं कुनाचा बॉयलर हाय?"

प्रश्न बिनतोड होता. त्या व्यापाऱ्याचा ठाण्याजवळ माजिवड्याला कारखाना होता. वाफेच्या नळांवर गुंडाळण्यासाठी तो परदेशातून जाड नमदा मागवत असे. नमदा विणलेला नसतो. लोकर किंवा केस ओले करून, दाबून त्याचा थर बनवतात. मुंबईहून आलेला कस्टम्सचा अधिकारी मला म्हणाला, "लोकरीचा असेल तर जकात जास्त. जनावरांच्या केसांचा असेल आणि स्वतःच्या कारखान्यात वापरणार असेल तर कमी. यांनी केसांचा म्हणून सोडवून नेलाय. विकायची परवानगी नाही."

आम्ही गाडीचा माग काढला. माल डोंबिवलीतल्या पूजासाहित्याच्या एका दुकानात उतरत होता. तिथे त्याचे चौकोनी तुकडे कापत, कडेला लाल पट्टी शिवत आणि पूजेला बसायचे आसन म्हणून विकत. लोकर सोवळ्यात चालते, त्यामुळे माल हातोहात खपत होता. दुकानदार म्हणाला, "गुरुजींनीच सांगितलं लोकांना, शुद्ध लोकर आहे म्हणून. मला कशाला धरता?"

हे गुरुजी गावातल्या निम्म्या घरांत पूजा सांगत. सरळ माणूस. व्यापाऱ्याने त्यांना काश्मिरी लोकर म्हणून सांगितले होते, आणि त्यांनी विश्वास ठेवला होता. स्वतः ते त्याच आसनावर संध्येला बसत.

कस्टम्सच्या अधिकाऱ्याने भिंगाखाली एक तुकडा पिंजून पाहिला. आखूड, राठ केस निघाले आणि त्यांना चुन्याची पूड चिकटलेली. कातडी कमावताना चुना लावून खरवडलेले गुरांचे केस होते ते. गुरुजी समोरच उभे होते. त्यांनी एकदम हात मागे घेतला आणि तो कुठे ठेवावा हे त्यांना कळेना.

व्यापारी चौकशीत बेडर होता. "लोकरच आहे साहेब, जरा हलकी," असे दोनतीनदा म्हणाला. मी म्हटले, "ठीक आहे, लोकर म्हणून लिहून घेतो. मग कस्टम्समध्ये केस म्हणून का सांगितलंत? आणि केस असतील, तर डोंबिवलीत लोकर म्हणून का विकलेत? काय लिहू, तुम्हीच सांगा." त्याने पाणी मागितले. पाणी पिऊन झाल्यावर सगळे कबूल केले.

पण पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. सरकारी वकील म्हणाले, "हा लोकर म्हणून माल द्यायचा, हे शपथेवर सांगणारा माणूस हवा." दुकानदाराने कानावर हात ठेवले. उरले गुरुजी.

मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी विचारले, "ते आसन कशाचं होतं, तेही तिथे बोलावं लागेल?"

"लागेल."

आतून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "अहो, आजारी आहे म्हणून सांगा. उद्या कोण बोलावणार आपल्याला? घरात चार मुलं आहेत."

गुरुजींनी एकदा आतल्या दाराकडे पाहिले. मग म्हणाले, "लोक त्यावर बसून देवाचं करताहेत, साहेब. त्यांना कळायला नको? मी येतो."

कोर्टात डोंबिवलीची बरीच मंडळी आली होती. व्यापाऱ्याच्या वकिलाने छद्मीपणे विचारले, "म्हणजे गुरुजी, तुमच्या शब्दावर घरोघरच्या देवघरांत कातड्यावरचे केस गेले?"

"हो, माझ्या शब्दावर गेले," गुरुजी म्हणाले. मागे कुजबुज झाली. त्यांनी वळून पाहिले नाही.

व्यापाऱ्याला शिक्षा झाली, आयातीचा परवाना गेला. सुटल्यावर त्याने मेहुण्याच्या नावावर दुसरा धंदा काढला आणि चांगला चालवला. गुरुजींना कोणी वावगे बोलले नाही. फक्त बोलावणे बंद झाले. ते एका वखारीत लाकूड मोजायला जाऊ लागले.

पुढे मला बढती मिळाली. घरी सत्यनारायण करायचा होता, म्हणून मी मुद्दाम त्यांना सांगायला गेलो. या निमित्ताने गाडे पुन्हा रुळावर येईल असे मला वाटत होते. ते हसले. "आधी घरात विचारा, साहेब."

आईला विचारले. ती म्हणाली, "माणूस चांगलाच आहे रे. पण नको."

"मृगाजिन चालतं ना आपल्याला? तेही कातडंच," मी म्हटले.

"वाद घालू नकोस. दुसरं कोणी बघ."

गुन्हेगाराला धरले की ज्याची फसवणूक झाली त्याचे भले होते, अशी माझी नोकरीभर समजूत होती. ती तिथे सुटली. एरवी चोराचिलटांना दरडावणारा मी, पण आईपुढे माघार घेतली.

दुसऱ्या दिवशी गुरुजींकडे गेलो. काय सांगायचे ते वाटेत ठरवले होते. त्यांनी दार उघडले, माझ्याकडे पाहिले आणि मला बोलूच दिले नाही.

"या, बसा," ते म्हणाले. "अगं, साहेब आलेत. चहा टाक."