पोह्यांच्या डब्याखालची बोट

पनवेलचा दत्ता कळंबोलीत ट्रकच्या बॉडीला वेल्डिंग करायचा. दिवसभर लोखंड जोडूनही त्याची हौस फिटत नसे. घरी आला की कशाला काय चिकटतं, हे बघत बसायचा. खिडकीच्या कट्ट्यावर आइसक्रीमच्या काड्या, पाइपाचे तुकडे, करवंट्या एकमेकांना चिकटून पडलेल्या. लाकडाला पांढरा डिंक बरा, सावकाश वाळतो पण धरलं की सोडत नाही. क्षणात चिकटणारा डिंक थर्माकोलला लावला तर थर्माकोलच खाऊन टाकतो. असल्या गोष्टी कळल्या की स्वारी खूश! बायको माधुरी म्हणायची, एक दिवस मलाही ओट्याला चिकटवाल.

उरणला दिलेल्या बहिणीनं, सुमतीनं, वडिलांच्या बोटीचं मॉडेल मागितलं. वडील सुदाम तांडेल गेले आणि पाठोपाठ बोटही विकली गेली होती. केबिनच्या काचेसाठी तिनं त्यांच्या ओळखपत्राचं पारदर्शक पाकीट ट्रंकेतून काढलं. देताना तिचा हात सुटेना.

"बाबाच्या खिशातलं हाय, दादा. खराब करू नको."

दत्तानं ते भीतभीत कडेनंच धरलं, कडेनंच कापलं. पण सुमती दुसऱ्या दिवशी यायची होती आणि पांढरा डिंक वाळता वाळेना. मग त्यानं काचेला क्षणात चिकटणारा डिंक लावला, वर धूळ नको म्हणून पोह्यांचा रिकामा डबा पालथा घातला.

सकाळी डबा उचलला तर काच पांढरीफटक. सुमती तर आज येणार होती. तरी खोड जाते कुठे? प्लॅस्टिकच्या दोन रद्दी तुकड्यांना तोच डिंक लावून एक डब्याखाली ठेवला, एक उघड्यावर. दुपारी डब्याखालचा पांढरा, उघड्यावरचा स्वच्छ. म्हणजे डिंकाची वाफ कोंडून काचेवर बसत होती.

खोबरेल लावून डाग जातो का बघावं म्हणून त्यानं कापूस भिजवला आणि बोट उजेडाला धरली. पांढरेपणा सारखा नव्हता. मधोमध बारीक रेघांची वळणं होती, बोटाचा जुना तेलकटपणा पडला होता तिथेच वाफ दाट बसलेली. त्यानं स्वतःचा अंगठा शेजारी धरून पाहिला. ठसा त्याचा नव्हता. काचेवरच्या ठशातून एक आडवी फट गेली होती.

तेवढ्यात सुमती आली. दत्तानं मान खाली घालून बोट पुढे केली. तिनं काच डोळ्यांजवळ नेली.

"पुसू नको, दादा. जाल्याच्या दोरीनं कापलेला बाबाचा आंगठा हाय यो."

माधुरीनं बोटीवर घालायला डबा आणला, तर सुमतीनं तो परत केला आणि बोट मांडीवर उघडीच घेऊन उरणच्या एसटीत बसली.