रस्त्याकडे पाठ करून

टीव्हीच्या पडद्यावर अगदी खाली बातम्यांची पट्टी सरकत असते. ती कोणीतरी बसून लिहीत असतं, हे बघणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसतं. सकाळच्या बातम्यांची ती पट्टी एक बाई लिहायची. ऑफिसात तिला सगळे पट्टीताई म्हणत, शिपायापासून संपादकबाईंपर्यंत सगळेच. तिलाही ते बरं वाटायचं. खऱ्या नावानं कोणी हाक मारली, की ती आधी दाराकडे नजर टाकायची आणि मग मान वळवायची.

जुना स्टुडिओ तळघरात होता. खिडकी नाही, ऊन नाही, मोबाईलला रेंज नाही. बातम्या वाचणाऱ्याच्या पाठीमागे रंगवलेल्या शहराचा मोठा पडदा होता आणि त्या शहरात बारा महिने सूर्य नुकताच उगवलेला असायचा. पट्टीताईचं टेबल एका प्लायवूडच्या आडोशामागे, मोडक्या दिव्यांच्या स्टँडशेजारी. उन्हाळ्यात तिथे जीव जायचा, पण एकदा पायऱ्या उतरून खाली आलं की तिचे खांदे आपोआप सैल व्हायचे.

नोकरीच्या मुलाखतीत तिला घरच्यांविषयी विचारलं होतं. "मी आणि मुलगी. मिस्टर नाहीत," एवढंच ती म्हणाली. 'नाहीत' या शब्दात बरंच काही मावतं. समोरच्यांनी हळहळून विषय बदलला आणि तेव्हापासून ऑफिसच्या लेखी ती विधवा झाली.

नवरा चांगला ठणठणीत होता. दूरच्या एका गावात त्याचं पाण्याच्या पंपांचं दुकान होतं. रोज सकाळी तो खिडकीच्या गजाला आरसा अडकवून दाढी करायचा आणि शेजारी टीव्हीवर बातम्या लावायचा, त्याही याच चॅनेलच्या. चहा गार झाला, रुमाल सापडला नाही, लेक रडली, एवढं कारण त्याला पुरायचं. अर्ध्या तोंडाला फेस तसाच ठेवून तो उठायचा. मग सासूबाई कोपऱ्यातून यायच्या आणि टीव्हीचा आवाज मोठा करायच्या, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. एकदा तो दुकानात गेल्यावर पट्टीताईनं लेकीला कडेवर घेतलं, दोन कपडे पिशवीत कोंबले आणि मिळेल त्या गाडीत बसली.

पुढे नेमक्या याच कार्यक्रमात नोकरी मिळाली, तेव्हा तिला आधी हसू फुटलं आणि मग दरदरून घाम. पण तिनं विचार केला. आपलं लिहिणं रोज त्याच्या डोळ्यांपुढून जाणार आणि आपण मात्र दिसणार नाही. लपायला याहून पक्की जागा कुठली?

अशी काही वर्षं गेली. लेक मोठ्या शाळेत जाऊ लागली. आणि एका सकाळी कार्यक्रम संपल्यावर संपादकबाईंनी सगळ्यांना गोळा केलं. टेबलावर पुठ्ठ्याचं घर ठेवलेलं होतं, लहान मुलांच्या खेळण्यातलं असतं तसं.

"हा आपला नवा स्टुडिओ," बाई म्हणाल्या. "मुख्य रस्त्यावर, तळमजल्याला. ही पूर्ण भिंत काचेची. रंगवलेलं शहर गेलं, आता खरं शहर दिसणार. पुढे निवेदक, त्याच्या मागे तुम्ही सगळे काम करताना आणि तुमच्या मागे काच, रस्ता, माणसं. लोकांना बातमी बनताना दिसली पाहिजे!"

पुठ्ठ्याच्या घरात कागदाची छोटी छोटी माणसं चिकटवली होती. त्यातलं एक रस्त्याकडे पाठ करून बसलेलं होतं.

"ही कोण?" तिनं विचारलं खरं, पण उत्तर तिला आधीच कळलं होतं.

"अहो, ओळखलं नाहीत? पट्टीताई, या तुम्ही! निवेदकाच्या बरोब्बर डाव्या खांद्यामागे. रोज टीव्हीवर दिसणार, घरच्यांना कळवून टाका!"

सगळे हसले. तीही हसली. 

दुसऱ्या दिवशी ती बाईंच्या केबिनमध्ये गेली. मला आतली जागा द्या, काचेजवळ उजेडाचा त्रास होईल, असं काहीबाही बोलली. बाई मनानं वाईट नव्हत्या, पण नव्या जागेनं त्यांना झपाटलं होतं. "पडदे लावू हो. आणि ताई, इतकं काय लाजायचं? छान दिसता तुम्ही." खरं सांगायचं तर आधी खोटं कबूल करावं लागणार होतं. मेलेला नवरा जिवंत कसा करायचा? ती तशीच परत आली.

सामान हलवायचा दिवस आला. रंगवलेलं शहर गुंडाळून दोघांनी खांद्यावर घेतलं, सूर्य आतल्या बाजूला गेला. निवेदकाचं ते भारदस्त टेबल उलटं केलं तर आतून नुसतं पोकळ, आणि खालच्या बाजूला चघळून चिकटवलेल्या च्युइंगमची रांग. "याच्यावरून आपण देशाला उपदेश करत होतो!" मामा म्हणाले, आणि वायरी गुंडाळणारे खो खो हसले. मामा म्हणजे फ्लोअर मॅनेजर, कॅमेऱ्यांच्या मध्ये उभं राहून हातांच्या खुणांनी सगळा स्टुडिओ हलवणारा माणूस. निवृत्तीला आले होते. पट्टीताई मात्र आपल्या आडोशामागे उगीच फडकं मारत राहिली. मामांनी ते पाहिलं.

नव्या जागी जाण्याआधी तिनं केस कापले, जाड काड्यांचा चष्मा घेतला. लेक म्हणाली, "आई, तू शाळेतल्या मुख्याध्यापकांसारखी दिसतेस." लेकीला वडील आठवत होते. शाळेत कोणी विचारलं तर काय सांगायचं, हे तिला पाठ होतं, पाढ्यांसारखं.

पहिल्या सकाळी दिवे लागले, लाल बत्ती पेटली आणि समोरच्या मॉनिटरवर तिनं पाहिलं. निवेदकाच्या डाव्या कानाशेजारी आपलं डोकं, आपल्या पाठीमागे काच आणि काचेपलीकडे फुटपाथवरून चाललेली माणसं. काही जण थांबून कॅमेऱ्याला हात करत होते. एका आजोबांनी काचेत बघून भांग पाडला. सगळ्यांना मौज वाटली. पट्टीताईची मात्र मान अवघडून गेली. मागून कोणी येतंय का हे बघायला वळावं, तर चेहरा रस्त्याला दिसणार. न वळावं, तर पुढचा कॅमेरा आहेच. कॅमेरा तिच्या बाजूला सरकला की ती खाली वाकून वही शोधायची, पेन उचलायची, चपलेचा पट्टा ठीक करायची. बोटं चुकायला लागली. एकदा 'मंत्र्यांची भेट' ऐवजी 'मंत्र्यांची पेठ' पट्टीवरून सरकत गेली आणि बाईंनी कपाळाला हात लावला.

काही दिवसांनी कार्यक्रम संपल्यावर मामा तिच्या टेबलाशी आले. "पोरी, इतक्या वेळा पेन कोणाचं पडत नाही. कोणाला घाबरतेस?"

"कोणाला नाही, मामा."

"बरं," म्हणून ते गेले. पण दुसऱ्या दिवसापासून कॅमेरा डावीकडे वळायच्या आत ते हळूच मधे उभे राहायचे. कंट्रोल रूममधून त्यांना शिव्या बसायच्या, ते कानातलं बटण काढून खिशात टाकायचे.

आणि मग फोन आला. रिसेप्शनवरच्या मुलीनं हाक मारली, "पट्टीताई, तुमच्या घरून आहे." तिला वाटलं, शाळेतून असेल. धावतच गेली.

"मी बोलतेय," पलीकडून आवाज आला. तिनं तो लगेच ओळखला. सासूबाई. "तूच ना ती? मागे बसतेस ती?"

"हो," तिच्या तोंडून निघून गेलं.

"त्यानं पाहिलं तुला. काल, दाढी करताना. वस्तरा खाली ठेवला, टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला. आज उठून बघते तर घरात नाही." मधे खरखर. मग, "पोरगी कितवीत आहे गं?"

ती उत्तर देणार तोच थबकली. ही खरंच सावध करते आहे? की तो तिथेच शेजारी उभा राहून ऐकतो आहे? मीच ती, हे आपण आपल्या तोंडानं सांगून बसलो. आता शाळाही सांगायची? तिनं फोन ठेवला. 

मग मात्र ती मामांपुढे उभी राहिली आणि सगळं बोलली. जिवंत नवरा, टीव्हीचा मोठा आवाज, 'नाहीत' हा शब्द, सगळं. मामांनी ऐकून घेतलं. "आधी लेकीला घेऊन ये," एवढंच म्हणाले आणि गाडीची किल्ली उचलली.

शाळेत पोचेपर्यंत तिला रस्त्यातला प्रत्येक माणूस तोच वाटत होता. लेक वर्गातच होती, बाकावर डबा उघडून बसलेली. "एवढ्यात कशाला आलीस?" म्हणून वर कुरकुर. पट्टीताईनं तिला सगळ्या वर्गासमोर छातीशी धरलं आणि लेक शरमेनं लालबुंद झाली. तिथून पोलीस चौकी. हवालदारानं तक्रार लिहून घेतली आणि विचारलं, "पण अजून काही केलेलं नाही ना त्यांनी?" मामांचा आवाज चढला. "करेपर्यंत वाट बघायची का, साहेब?" शेवटी, गस्तीची गाडी सकाळी स्टुडिओवरून जाईल, असं कबूल झालं. मायलेकी मामांच्या घरी राहिल्या. मामींनी दाराची कडी स्वतः दोनदा हलवून पाहिली.

मामांनी रात्रीच सगळं संपादकबाईंच्या कानावर घातलं होतं. दुसऱ्या सकाळी त्यांचा फोन आला, "ताई, तुम्ही आज घरी थांबा." बाईंचा आवाज उतरला होता. पट्टीताईला वाटलं, घरी बसले तर प्रत्येक दाराचा आवाज ऐकत बसेन. इथे निदान माणसं आहेत. लेक मामींपाशी राहिली आणि ती कामावर आली. आत बसते म्हणाली, पण आतल्या टेबलाच्या वायरी जोडलेल्या नव्हत्या. कार्यक्रम सुरू व्हायची वेळ झाली, तेव्हा ती आपल्या नेहमीच्याच खुर्चीत होती.

तो आला तेव्हा हवामानाची बातमी चालली होती. तिनं त्याला आधी मॉनिटरवर पाहिलं. निवेदकाच्या कानाशेजारी तिचं डोकं, आणि तिच्या डोक्यावर, काचेपलीकडे, त्याचा चेहरा. गुळगुळीत दाढी केलेली. तो हसत होता. शेजारी हात हलवणाऱ्या दोन मुलींना वाटलं असेल, हाही आपल्यासारखाच टीव्हीवर दिसायला आलाय.

तिनं टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. उठायचं तर त्याच्याकडे तोंड वळवावं लागणार होतं. मागे काचेवर टकटक झाली. एकदा, मग परत, मग सलग. अंगठीचा आवाज होता तो. ती अंगठी तिला माहीत होती, तिच्या भुवईवर तिची खूण होती. त्यानं तिच्या नावानं हाक मारली. जाड काचेतून शब्द येत नव्हता, नुसते ओठ हलताना मॉनिटरवर दिसत होते, आणि ते नाव तिला वाचता येत होतं.

मामांनी निवेदकाला खूण केली, बोलत राहा. मग कॅमेऱ्यासमोरून सरळ चालत, सगळ्या देशाला आपली पाठ दाखवत, ते तिच्या टेबलाशी आले आणि तिच्या आणि काचेच्या मधे उभे राहिले. "समोर बघ," ते म्हणाले. "लिही काहीतरी." तिनं काय लिहिलं ते तिला आजही आठवत नाही. बाहेर त्यानं फुटपाथवरची लोखंडी जाहिरातीची पाटी उचलली आणि काचेवर घातली. काचेला भलामोठा तडा गेला, पण ती फुटली नाही. मुली किंचाळत पळाल्या. कंट्रोल रूममधून कोणीतरी ओरडलं, "दुसरा कॅमेरा!" आणि संपादकबाईंचा आवाज आला, "नाही! हाच ठेवा. सगळं दिसू दे."

गस्तीची गाडी येईपर्यंत तो पाटी घेऊन तिथेच होता. पोलिसांना म्हणाला, "घरची गोष्ट आहे, बायकोला भेटायला आलोय." पण घरची गोष्ट घराघरांत पोचली होती. त्याला नेलं तेव्हा पट्टीताई खुर्चीखाली बसली होती, मामांच्या पँटचं टोक मुठीत गच्च धरून. तिची मूठ सोडवायला दोघी लागल्या.

पुढे खटला झाला. चित्रीकरण होतं, त्यामुळे वकिलाला फार बोलावं लागलं नाही. त्याला शिक्षा झाली, सुटल्यावरही तिच्या नि मुलीच्या जवळ फिरकायचं नाही असा हुकूम झाला. सासूबाईंचा फोन परत आला नाही. त्या खरंच सावध करत होत्या का, हे पट्टीताईला कधीच कळलं नाही. तिनं आतली, बिनखिडकीची खोली मागून घेतली आणि बाईंनी ती निमूट दिली. "आता तर तो आत आहे, आता कसली भीती?" असं एक-दोघांनी विचारलं. रोज कामाला बसण्याआधी ती अजून मॉनिटरवर फुटपाथ पाहते, एकेक चेहरा, आणि मगच खुर्ची ओढते.

लेक आता शाळेत एकटी जायचा हट्ट करते. पट्टीताई "जा" म्हणते आणि स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी थोडं अंतर ठेवून, झाडांच्या आडून मागे जाते. परवा शाळेच्या वळणावर लेक थांबली आणि मागे न बघताच मोठ्यानं म्हणाली, "आई, मला माहितीये तू आहेस ते."

पट्टीताई झाडामागून बाहेर आली. "मग? रागावलीस?"

"नाही गं," लेक म्हणाली. "मागून काय येतेस, शेजारून चाल ना."