दोन शिपायांसाठी ओंजळभर पाणी

यमुनाआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी हुणसूरच्या स्टँडवर बसची वाट बघत होतो. वडील एवढंच म्हणाले, “तुझी आत्या गेली रे.” लग्न न केलेली ही बहीण जन्मभर त्यांच्याबरोबर म्हैसूरला, नजरबादच्या घरात राहिली, शाळेत शिवण शिकवत राहिली.

आमचं घराणं शिपायांचं. आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ रामोजी, दोघेही संस्थानच्या फौजेत होते. दुसऱ्या महायुद्धात दोघे समुद्रापार गेले. आजोबा परतले, रामोजी आणि त्यांचा जिवलग नंजप्पा तिथंच पडले. रामोजींच्या मागे बायको नाही, मूल नाही. म्हणून आजोबा दर सर्वपित्रीला श्रीरंगपट्टणला कावेरीत उभे राहून या दोघांच्या नावानं पाणी सोडायचे.

आजोबा गेल्यावर वडील म्हणाले, “बिडु गं यमुना, सोड आता. ज्यांना आपण पाहिलंसुद्धा नाही, त्यांचं किती वर्षं करायचं?”

“पाहिलं नाही म्हणूनच करायचं की रे. नाहीतर त्यांना आठवणार कोण?”

पण सर्वपित्रीला ती घाटावर निघाली. सोबतीला मी गेलो. तेव्हा कॉलेजात होतो. घाटावरचे भटजी म्हणाले, “बायकांनी तर्पण करायचं नसतं अम्मा. हा आहे की तुमच्याबरोबर.”

“याचा बाप जिता आहे. बाप असताना मुलानं तर्पण केलेलं चालत नाही, हे तुम्हीच सांगता. आणि ते दोघं लढायला गेले, ते काय फक्त पुरुषांना राखायला?” आत्याचा आवाज चढला नव्हता, पण ती पाण्यातून हललीही नाही. शेवटी भटजींनी तिच्या ओंजळीत तीळ घातले आणि म्हणाले, “नावं सांगा.”

तेवढ्यावर ती थांबली नाही. नंजप्पा सरगूरचा, एवढंच आजोबांकडून तिला ठाऊक होतं. एका रविवारी तिनं मला घेऊन सरगूर गाठलं आणि दारोदार चौकशी करत त्याचं घर शोधून काढलं. दारात त्याची म्हातारी बहीण आली. आत्यानं कानडीत सगळं सांगितलं, तशी ती उंबऱ्यावरच बसली. “माझ्या अण्णाचं नाव अजून कुणी घेतं?” असं म्हणून तिनं आत्याचे दोन्ही हात धरले ते बराच वेळ सोडलेच नाहीत. पुढं ती जिवंत असेपर्यंत दर वर्षी बसनं यायची. गुडघाभर पाण्यात, एकमेकींना सावरत, दोघी आपापल्या माणसाला हाक मारायच्या. सरकारनं, समाजानं या शिपायांसाठी काय केलं, असं आत्या कधी बोलली नाही. आपल्याला जमेल ते ती करत राहिली, आणि मला तेच मोठं वाटतं.

आत्याच्या दहाव्याला आम्ही घाटावर होतो. तिलांजली देणारे मोजकेच. तेवढ्यात एक अनोळखी तरुण धापा टाकत पायऱ्या उतरला. आदल्या दिवशी बातमी कळली म्हणून सरगूरहून पहिल्या बसनं आला होता. नंजप्पाच्या बहिणीचा नातू. “अज्जी सांगून गेली होती,” तो म्हणाला, “म्हैसूरच्या अम्मांना पाणी द्यायला घरातलं कुणीतरी जायचंच.”

भटजींनी विचारलं, “तुम्ही यांचे कोण?”

तो गोंधळला. तेव्हा काठी टेकत उभे असलेले माझे वडील बाजूला सरकले, त्याला आपल्याशेजारी जागा करून दिली आणि म्हणाले, “मनेयवरु. आमच्या घरचाच आहे.”