वाऱ्यानं मारलेल्या गाठी

आमचा एसीवाला कुठल्याच प्रश्नाचं उत्तर देत नाही. 'सोळावर ठेवू की चोवीसवर?' विचारलं, की डोळे मिटून मशीनवर तळहात ठेवतो आणि म्हणतो, "तुमाला काय वाटतंय?" मला काय वाटतं, हे मला कधीच कळत नाही.

परवा तासगावहून सासरे सांगलीला आमच्याकडे आले आणि एसी थंड हवा देईना. मागच्या खेपेला मी दुरुस्त केलेला पंखा त्यांच्या पुढ्यातच पडला होता. "जावईबापू, हात लावला न्हाई न्हवं?" त्यांनी विचारलं. मी चक्क शपथ घेतली.

एसीवाल्यामागोमाग गच्चीवर गेलो. ऊन लागू नये म्हणून बाहेरच्या मशीनला मीच बेदाण्याच्या शेडवरची हिरवी जाळी चौपदरी गुंडाळली होती.

"वाऱ्यानं आली असेल," मी म्हणालो.

त्यानं सुतळीच्या पाच गाठी शांतपणे सोडवल्या.

खालून सासरे ओरडले, "घावलं का काय?"

"व्हय आबा, वाऱ्यानं जाळी आली हुती!" मग हळूच मला म्हणाला, "सायेब, वाऱ्याला सांगा, आतली गरमी भाईर टाकायला मशीनला मोकळी जागा लागती."

"म्हणजे उन्हातच ठेवायचं?"

"तुमाला काय वाटतंय?"